बारावा हुकूम

जुने पत्ते हा माझा अभ्यासाचा विषय आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग तळहात पुढे करतो. टॅरोचं नाव काढलं तर विचारूच नका. भविष्यातलं मला काही कळत नाही. कॅट कुठे छापला, ठसा कसा कोरला, एखादं चित्र कुठल्या छपाईत बदललं, एवढंच मी पाहते. पण ७८ पानांच्या टॅरोमध्ये एक पान असं आहे, की ज्याचा अर्थ इतका उलटापालटा झालेला मला दुसऱ्या कुठल्याही पत्त्यात दिसलेला नाही. ते म्हणजे बाराव्या क्रमांकाचा ‘हँग्ड मॅन’, उलटा टांगलेला माणूस.

आज बाजारात मिळणारे बरेचसे टॅरो कॅट लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकांनी १९०९ साली काढलेल्या कॅटवर बेतलेले असतात. त्यातलं हे पान एकदा नीट बघा. इंग्रजी ‘टी’च्या आकाराचा लाकडी खांब, आणि तो मेलेल्या लाकडाचा नाही, त्याला पानं फुटलेली आहेत. आडव्या लाकडाला एका पायाने बांधलेला तरुण. दुसरा पाय गुडघ्यात मुडपून पहिल्याच्या मागे गेलेला. निळा अंगरखा, लाल विजार, हात पाठीमागे. डोकं खाली, आणि त्या डोक्याभोवती पिवळं तेजोवलय. चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नाही, उलट समाधी लागल्यासारखा भाव आहे. हे पान निघालं की टॅरो वाचणारे सांगतात, घाई करू नका, थोडं थांबा, हातातलं काही सोडावं लागेल, प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने बघा. त्याग, संयम, शरणागती, आतून येणारं ज्ञान ही या पानाची नेहमीची शब्दावली.

हा अर्थ खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. तो फार तरुण आहे, एवढंच. हे चित्र पहिल्यांदा पत्त्यावर आलं तेव्हा ते बघणाऱ्याच्या मनात त्याग किंवा समाधी आली नसती. त्याला गद्दार दिसला असता.

टॅरो जन्मला तो खेळ म्हणून. उत्तर इटलीत पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात नेहमीच्या चार रंगांच्या ५६ पानांना २१ चित्रमय हुकूम आणि एक ‘वेडा’ जोडण्यात आला. फ्लॉरेन्समध्ये १४४० साली आणि फेरारात १४४२ साली या पत्त्यांची लेखी नोंद सापडते. खेळात बाराव्या हुकमाचं काम साधं होतं. तो अकराव्याला मारायचा आणि तेराव्याकडून, म्हणजे मृत्यूकडून, मार खायचा. सावंतवाडीच्या १२० गोल पानांच्या दशावतारी गंजिफ्यात मत्स्य, कूर्म, नरसिंह असले तरी खेळायला बसलेल्यांचं लक्ष हात कोण उचलतो याकडेच असतं, तसंच इथेही होतं. पत्त्यांवरून भविष्य पाहायची पद्धत रुळायला अठरावं शतक उजाडावं लागलं. टॅरोचा खेळ म्हणून इतिहास पुराव्यानिशी मांडला तो मायकल डमेट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने, १९८० सालच्या ‘द गेम ऑफ टॅरो’ या जाडजूड ग्रंथात. माझ्या टेबलावरून तो ग्रंथ सहसा हलत नाही.

मग खेळाच्या पानावर उलटा टांगलेला माणूस आला कुठून? रस्त्यावरच्या भिंतीवरून. तेराव्या ते सोळाव्या शतकात इटलीतल्या नगरराज्यांमध्ये बदनामीची चित्रं रंगवण्याची अधिकृत पद्धत होती. राज्याशी द्रोह केलेला, पैसे बुडवून पळालेला किंवा खोटे दस्तऐवज केलेला माणूस हाती लागला नाही, तर नगरपालिका चित्रकार बोलवायची आणि सरकारी इमारतीच्या भिंतीवर, भर चौकात, त्याला पायाने उलटं टांगलेला रंगवून घ्यायची. खाली नाव आणि गुन्हा. आपल्याकडे पुढाऱ्याचा फोटो फलकावर लावून ‘जोडे मारो’ आंदोलन होतं, त्याची ही सरकारी, पगारी आवृत्ती म्हणायला हरकत नाही. माणूस पळाला तरी त्याची अब्रू चौकात लटकलेली राहायची.

या कामावर मोठमोठे चित्रकार लागलेले आहेत. फ्लॉरेन्समध्ये आंद्रेआ देल कास्तान्योने १४४०च्या सुमारास बंडखोरांची अशी चित्रं काढली आणि जन्मभराचं टोपणनाव पदरात पाडून घेतलं, ‘फाशीवाल्यांचा आंद्रेआ’. मेदिची घराण्याविरुद्ध कट करणाऱ्या पात्झी मंडळींना १४७८ साली बोत्तिचेल्लीने रंगवलं. शुक्रजन्माचं प्रसिद्ध चित्र काढणारा बोत्तिचेल्ली तो हाच. पुढे १४९४ मध्ये मेदिचींची हकालपट्टी झाली आणि ती चित्रंही पुसली गेली. १५२९–३० च्या वेढ्यात फ्लॉरेन्सने पळपुट्या कप्तानांची चित्रं आंद्रेआ देल सार्तोला सांगितली. कास्तान्योचं काय झालं हे त्याला माहीत होतं. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने लिहून ठेवलंय, की काम शिष्याच्या नावावर असल्याचं त्याने पसरवलं, भिंतीभोवती आडोसा उभारला आणि स्वतः रात्री येऊन रंगवलं. भिंतीवरची ही सगळी चित्रं आज नाहीशी झाली आहेत. देल सार्तोचे सरावाचे कागद मात्र उफीझी संग्रहालयात आहेत. लाल खडूने काढलेली एका पायावर लोंबणारी माणसं, सुटा पाय कुठे पडतो हे पुन्हा पुन्हा काढून बघितलेलं. टॅरोचं पान शेजारी धरलं तर देहाची ठेवण ओळखीची वाटते.

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. मुत्सिओ आत्तेंदोलो स्फोर्झा हा भाडोत्री फौजेचा नामांकित सरदार. तो पोपची चाकरी सोडून नेपल्सच्या राजाला जाऊन मिळाला. पोपच्या गादीवर तेव्हा हक्क सांगत होता तेविसावा जॉन. त्याने १४१२ साली रोमच्या वेशींवर आणि पुलांवर स्फोर्झाला उजव्या पायाने टांगलेला रंगवून घेतला. हातात कुदळ दिली, म्हणजे हा मूळचा शेतकरी, हे कुणी विसरू नये. खाली त्याच्याच तोंडी घातलेला मजकूर, की मी कोतिन्योलाचा गावंढळ, चर्चशी बारा वेळा दगा केला. मुत्सिओचा मुलगा फ्रान्सेस्को तेव्हा अकरा वर्षांचा असेल.

हाच फ्रान्सेस्को स्फोर्झा १४५० मध्ये मिलानचा ड्यूक झाला. आज टॅरोचा सर्वांत प्रसिद्ध जुना कॅट ‘व्हिस्कोंती-स्फोर्झा’ नावाने ओळखला जातो, तो याच दरबारासाठी त्याच सुमाराचा, बोनिफाचो बेम्बोच्या चित्रशाळेतला मानला जातो. त्यातली ७४ पानं उरली आहेत, न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात ३५, बेर्गामोच्या अकादेमिया कारारात २६ आणि बाकीची एका खासगी संग्रहात. उलटा टांगलेला माणूस न्यूयॉर्कला आहे. नक्षी ठोकलेल्या सोन्याच्या वर्खावर, लाकडी चौकटीला एका पायाने लटकलेला कोवळा तरुण, हात मागे, चेहरा शांत. ज्याच्या बापाला रोमच्या वेशीवर असं टांगलं, त्याच्या घरात हे पान जेवणानंतरच्या डावात हातोहात फिरत असणार! बारा दगे आणि बारावं पान यांची सांगड घालायचा मोह कुणालाही होईल, पण या कॅटच्या पानांवर आकडे मुळी नाहीतच, त्यामुळे तो योगायोगच मानावा.

फ्रान्सेस्कोला हे पान खटकलं नसेल का? मला वाटतं, नसावं, आणि त्याचं कारण पानावरच आहे. चित्राखाली नाव नाही. बदनामीला पत्ता लागतो. अमक्याचा तमका, अमुक गावचा, अमुक गुन्हा, असं लिहिलं की भिंतीवरचं चित्र झोंबतं. पत्त्यावरचा गद्दार कुणाचाच नव्हता. खेळणाऱ्यांना तो गद्दार आहे एवढं ठाऊक होतं. बोलोन्यात या पानाला उघडउघड ‘त्रादितोरे’, गद्दार, म्हणत. पंधराव्या शतकातल्याच दुसऱ्या एका कॅटमध्ये त्याच्या दोन्ही हातांत पैशांच्या थैल्या आहेत. तो कॅट आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पैशासाठी धनी विकणारा म्हटल्यावर ख्रिस्ती माणसाला जुडास आठवल्याशिवाय राहत नाही. पण बोट दाखवायला समोर कुणी नव्हतं.

सोळाव्या शतकानंतर भिंतींवर अशी चित्रं काढण्याची चाल मोडली. मिलानहून फ्रान्स आणि स्वित्झर्लंडकडे गेलेला खेळ मात्र चालू राहिला, आणि पान वाचलं ते त्यामुळे. लाकडी ठसा कोरणाऱ्या कारागिराला अर्थाशी कर्तव्य नव्हतं. जुनं पान समोर ठेवायचं आणि तसंच कोरायचं. मार्सेच्या निकोला कॉन्व्हेरच्या १७६० च्या कॅटमध्ये फांद्या छाटलेल्या दोन झाडांमधून लोंबणारा माणूस आहे, पाय तसाच मुडपलेला, हात तसेच मागे. एखाद्याने मन लावून विचार केला असता तर चित्र ‘सुधारलं’ असतं. कुणी विचार केला नाही म्हणून ते तीनशे वर्षं टिकलं.

विचार करणारे १७८१ मध्ये आले. कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचा ज्ञानग्रंथ असल्याचं जाहीर केलं. पुरावा शून्य. चार मुख्य सद्गुणांपैकी न्याय, धैर्य आणि मिताचार टॅरोमध्ये आहेत, मग चौथा, विवेक, कुठे गेला? त्याचं उत्तर तयार होतं, की हाच तो विवेक. एक पाय उचलून, पुढचं पाऊल कुठे टाकावं याचा विचार करत उभा असलेला माणूस. पत्तेवाल्या अडाण्यांनी त्याला उलटा छापला! मागोमाग एत्तेइल्या या भविष्य सांगणाऱ्याने भविष्यासाठी काढलेल्या कॅटमध्ये टांगलेल्याला काढून विवेकाची देवी बसवलीही. पुढे गूढविद्येवर लिहिणाऱ्या एलिफास लेव्हीने १८५०च्या दशकात २२ चित्रांची हिब्रूच्या २२ अक्षरांशी जुळणी केली. पानं गूढविद्येच्या मंडळींच्या हाती गेली ती कायमची.

या मंडळींपैकीच आर्थर वेट. त्याच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथने १९०९चा कॅट रंगवला. काम मोठं आणि पैसे अगदी थोडे, असं तिने छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झला कळवलं होतं. पानाच्या कोपऱ्यातल्या तिच्या सहीच्या वेलबुट्टीकडे अजूनही फारसं कुणी बघत नाही. तेजोवलय आणि पालवी ही या कॅटची देणगी. हे हौतात्म्याचं पान नाही आणि विवेकाचंही नाही, असं वेटने पुस्तकात बजावलं आणि ईश्वर व विश्व यांच्या नात्याकडे बोट दाखवलं. टी. एस. एलियटच्या १९२२च्या ‘द वेस्ट लँड’ या कवितेत पत्ते मांडणाऱ्या बाईला हेच पान सापडत नाही. टिपांमध्ये एलियटने त्याचा संबंध मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझरच्या टांगलेल्या देवाशी जोडला आणि कॅटची नेमकी रचना आपल्याला माहीत नसल्याचंही सांगून टाकलं. म्हणजे पाच शतकांत गद्दाराचा देव झाला.

व्याख्यानानंतर हमखास विचारतात, मग यातला खरा अर्थ कोणता? मी म्हणते, अर्थाला तारीख लावा. ‘थांबा आणि दुसऱ्या बाजूने बघा’ हा सल्ला वेट आणि स्मिथच्या पानावर बसतो. तो त्यांचा म्हणून खुशाल सांगा. इजिप्तच्या पुरोहितांच्या नावावर खपवू नका. आणि हे पान पुढ्यात आलंच तर मिलानचा जुना अर्थही विसरू नका. कुणाचं उलटं चित्र चौकात दिसलं, तर ते कुणी रंगवून घेतलं हे आधी विचारावं. रोमच्या वेशीवर स्फोर्झाला टांगणारा तेविसावा जॉन तीनच वर्षांनी, १४१५ मध्ये, कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत पदच्युत झाला. चर्च आज त्याला पोपमध्ये धरत नाही, त्याची गणना तोतया पोपांत होते. गद्दार ठरवलेल्याच्या वंशजांनी मात्र मिलानवर पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलं.