घडवंचीची वाटणी

खुर्चीवर बसवल्याशिवाय माणसाची पारख होत नाही, असं म्हणतात. माझं म्हणणं थोडं निराळं आहे. त्या वेळी खरी पारख होते ती खुर्चीची. हल्लीच्या खुर्च्या या परीक्षेला नाखुशीनंच सामोऱ्या जातात, म्हणून बसणाऱ्यालाच बेतानं बसावं लागतं.

आता फर्निचर खोक्यातून येतं. सोबत एक वाकडी किल्ली, स्क्रूंची पुडी आणि एक चित्रमय कागद. सगळं जोडून झालं की दोन स्क्रू हमखास उरतात. ते उरले म्हणून काटकसरीचा आनंद मानायचा, की त्या रात्री सतरंजीवर झोपायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आत लाकूड म्हणाल तर भुसा आणि चिकटवायची राळ. पाण्याचा तांब्या सांडला की फळी पापडासारखी फुगते.

उलट आमची घडवंची बघा. आमचं घर नेवासे तालुक्यात; जिल्हा अहमदनगर, 2024 पासून अहिल्यानगर. तीन पिढ्या या घडवंचीनं दोन हंडे आणि एक कळशी डोक्यावर घेतलीय आणि कधी हूं की चूं केलं नाही. चार पाय खाली जरा फाकलेले, पैलवानानं पवित्रा घ्यावा तसे. वर एक जाड फळी. खिळा एकही नाही. पायाच्या टोकाला कुसू, फळीला भोक, कुसू भोकात ठोकायचा आणि वरून पाचर मारायची. हंडा पाझरला की लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सांधा आणखी घट्ट होतो. ज्या पाण्यानं शहरातली फळी मरते, त्यावर ही बाळसं धरते!

लाकूड बाभळीचं. सागवान एका घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतं, बाभूळ आठशेच्या आसपास. ती तासताना सुताराचा घाम निघतो आणि पटाशीची धारही जाते. पण गाडीची चाकं आणि औतं त्याच लाकडाची व्हायची. आमच्याकडे पाऊसच साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. सागवान लांब घाटाकडे, अकोल्याच्या बाजूला. बांधावर उभी ती बाभूळ.

त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’त बलुतेदारांची सगळी व्यवस्था वाचायला मिळते. त्यात सुताराचा मान थोरल्या ओळीचा. वर्षभर औतं नीट ठेवायची आणि सुगीत खळ्यावर धान्य घ्यायचं. त्याच्या मालाची हमी वेगळी लिहून द्यावी लागत नसे. नांगर मोडला तर शेतकरी त्याच्याच ओट्यावर येऊन बसायचा आणि उठायचा नाही. आमच्याच तालुक्यातलं शनिशिंगणापूर मात्र सुताराला जरा अवघड. घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. 2011 साली तिथं बँकेची शाखा उघडली, तीही बिनकुलपाची म्हणून गाजली. म्हणजे सुताराचा अर्धा धंदा साक्षात शनिदेवानंच थांबवलेला!

तर मूळ मुद्दा वाटणीचा. आई गेल्यावर दादा आणि मी वाटणीला बसलो. जमिनीचा निकाल चहा निवायच्या आत लागला. विहिरीच्या पाळ्या ठरल्या. मग वहिनी म्हणाल्या, “घडवंची तेवढी इथंच राहू द्या भाऊजी, आत्याबाईंचा हात होता तिच्यावर.” आमची ही म्हणाली, “हात आमचाही होता, दर सुट्टीत पाणी आम्हीच भरत होतो.” त्यानंतर दोन महिने दादाचा फोन नाही, माझाही नाही. चार पायांच्या त्या वस्तूनं दोन सख्ख्या भावांची तोंडं दोन दिशांना केली.

शेवटी दादा गावातल्या म्हाताऱ्या सुतारतात्यांकडे गेला. हुबेहूब दुसरी करून मागितली. तात्यांनी घडवंची उलटी करून पाहिली, पाचरीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ही माझ्या बापाची. करतो. पन बाभूळ आदी सा म्हयने पान्यात बुडवा. भुंगा लागायचा न्हाई.”

“सहा महिने? तात्या, तुमचं वय...”

“मला कुठं जायाचंय? लाकूड तयार झाल्याबिगर मी हालत न्हाई.”

तात्यांचा मुलगा शहरात खोक्यातलं फर्निचर जोडून देतो. कमाई बापापेक्षा बरी आहे. कुसू काढायला त्याला शिकवलंत का, असं विचारलं तर तात्या म्हणाले, “त्याला वेळ कुठंय?” आणि रंध्यातल्या ढलप्या झटकू लागले. म्हणजे ही दुसरी घडवंची बहुधा शेवटचीच.

ओंडका सध्या आमच्या विहिरीत आहे. तो दोर सोडून पळाला नाही ना, हे पाहायला मी महिन्यातून दोनदा गावी जातो. दादा आधीच काठावर उभा असतो. ओंडका जिथल्या तिथं असतो. मग आम्ही तिथंच बसतो आणि विषय निघत जातात. परवा मीच त्याला म्हटलं, “दादा, सहा महिन्यांऐवजी वर्षभर ठेवूया का? लाकूड चांगलं मुरेल.”

“तात्यांना विचारतो,” दादा म्हणाला. “हालू नका म्हणावं.”