काठी आणि पांखरूं

विल्यम क्राऊदर ह्यांनीं रचिलेला व १९७७ सालीं डॉन वुड्स ह्यांनीं वाढविलेला 'अ‍ॅडव्हेंचर' हा संगणकावरील खेळ आम्हीं सुटींत आरंभिला. त्यांत चित्रें नाहींत. गुहेचें वर्णन वाचावें व एकदोन इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहावी, एवढेंच. एका दालनांत भुजंगानें वाट अडविली होती. वाटेंत भेटलेलें पांखरूं, हातीं पिंजरा व काठी असूनहि, कांहीं केल्या सांपडेना. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, तें काठीला भीत असेल." आम्ही तिला हंसलों. तीन दिवस व्यर्थ गेल्यावर मुकाट्यानें काठी खालीं ठेविली. पांखरूं पिंजऱ्यांत आलें, आणि भुजंगासमोर सोडतांच त्यानें त्यास हुसकून लाविलें! आम्ही युक्ति शोधीत होतों. तिनें पांखराचें मन जाणिलें होतें. तिची क्षमा मागणें मात्र भुजंगास हटविण्याहून कठीण वाटलें. परंतु तेंहि आम्हीं केलें.