पेटीवरची तीन अक्षरं

सासूबाईंच्या तळघरात एक पेटी होती. पाइनच्या लाकडाची, फुगीर झाकणाची, लोखंडी पट्ट्या ठोकलेली. मिनेसोटातल्या त्या घरात वीस वर्षं मी तिच्यावर धुतलेल्या कपड्यांची टोपली ठेवत आले. घर विकायचं ठरलं तेव्हा पेटी कुणी न्यायची हा प्रश्न निघाला, आणि तिच्यावरचा पांढरा ऑइलपेंट नखानं खरवडला तर खालून निळी-तांबडी वेलबुट्टी दिसू लागली. आणखी खरवडल्यावर तीन अक्षरं निघाली. बी, एल, डी. पुढं साल होतं, पण त्यातला 18 एवढाच आकडा शाबूत होता.

नवरा म्हणाला, ‘आपल्या घराण्यात डीवरून आडनाव कुणाचंच नाही. कुणाची तरी जुनी पेटी विकत घेतली असणार.’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. पेटी आपल्या पणजीची, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

उत्तर मिळालं ते आयोवातल्या डेकोरा गावी. तिथं ‘वेस्टरहाइम’ हे नॉर्वेतून आलेल्या लोकांचं संग्रहालय आहे आणि त्यात अशा पेट्याच पेट्या आहेत. दोन-चार पेट्यांवरची अक्षरं वाचली आणि लक्षात आलं, की हे डी म्हणजे आडनाव नव्हेच. डी म्हणजे दात्तेर, मुलगी. लार्सचा मुलगा तो लार्सेन, लार्सची मुलगी ती लार्सदात्तेर. नॉर्वेत खेड्यापाड्यांतून कायम आडनाव असं नव्हतंच. प्रत्येकानं कायम आडनाव धरावं असा कायदा आला तो 1923 साली. बाई लग्न करून गेली तरी बापाच्या नावानंच ओळखली जायची. पेटी तिची स्वतःची होती, तिच्या नावाची.

सासूबाईंच्या पणजीच्या थडग्यावर मात्र ते नाव नाही. गुडह्यू काउंटीतल्या चर्चच्या आवारात, मक्याच्या शेताला लागून, एक दगड आहे. त्यावर नवऱ्याचं पूर्ण नाव आणि खाली एवढंच, ‘त्याची पत्नी’. अमेरिकेत पाय ठेवला आणि दात्तेर गळून पडलं. त्या दगडापाशी उभ्या राहून सासूबाई म्हणाल्या, ‘मला तिचं नाव पाहिजे. कागदावर लिहिलेलं.’ नॉर्वेची तिकिटं त्या आठवड्यात काढली.

आम्हाला एक धागा मात्र आधीच सापडला होता. मिनेसोटातल्या नॉर्वेजियन ल्युथरन मंडळींची चर्चची दप्तरं त्या काळी नॉर्वेजियनमध्येच असत. तिथल्या एका नोंदीत तिचं जन्मगाव होतं: सोग्नमधलं वीक.

आता हे खरं, की नॉर्वेतल्या जुन्या चर्चच्या वह्या राष्ट्रीय अभिलेखागारानं फुकट पाहायला ठेवल्या आहेत. घरबसल्या संगणकावर पानं उलटता येतात. मीही उलटली, रात्र रात्र. पण अक्षर जुन्या गॉथिक वळणाचं, भाषा डॅनिश धाटणीची, आणि वीकच्या वहीतलं नेमकं हवं ते पान पाण्यानं डागाळलेलं. जनगणनेचाही उपयोग नव्हता. 1801 च्या जनगणनेत माणसांची नावं आहेत, त्यानंतर थेट 1865 मध्ये. मधल्या मोजण्यांत डोकी मोजली, नावं लिहिली नाहीत. ही बाई त्या दोन सालांच्या मध्ये जन्मली, वाढली आणि गेली.

बर्गनला पाऊस होता. तिथल्या अभिलेखागारात एका कर्मचारी बाईंनी आमचं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘क्लोकरची वही पाहिलीत का?’ क्लोकर म्हणजे चर्चमध्ये भजनं सांगणारा, पुष्कळदा गावचा मास्तरही. 1812 च्या सुमारास हुकूम निघाला होता, की पाद्र्याच्या वहीची दुसरी प्रत क्लोकरनं ठेवावी आणि दोन्ही वह्या एका छपराखाली रात्रभर राहू नयेत. एक घर जळालं तरी दुसऱ्या घरातली वही उरावी म्हणून. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कुणा कारकुनाला त्या काळी एवढं सुचलं, म्हणून आज आमच्यासारखे तिथं जाऊन बसू शकत होते.

क्लोकरचं अक्षर पाद्र्यापेक्षा सुवाच्य होतं. बाप्तिस्म्याच्या पानावर बोट फिरवत त्या बाई थांबल्या आणि नाव मोठ्यानं वाचलं. बापाचं नाव लार्स. आईचं नाव, तेही तिच्या स्वतःच्या बापाच्या नावासकट. सासूबाईंनी ते तीनदा म्हणवून घेतलं, मग आपण म्हणून पाहिलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

पुढच्या वहीत तिचं कन्फर्मेशन, म्हणजे चर्चमधला श्रद्धा पक्की करण्याचा विधी, सापडलं. तिथं एका रकान्यात देवी टोचल्याची नोंद होती, कारण 1810 पासून त्याशिवाय कन्फर्मेशन नाही आणि लग्नही नाही. या साध्या रकान्यातच पुढच्या स्थलांतराचं एक कारण दडलं आहे. देवीनं मरणारी मुलं जगू लागली, बटाटा पोट भरू लागला. 1801 मध्ये 8 लाख 83 हजार असलेली नॉर्वेची वस्ती 1865 मध्ये 17 लाखांवर गेली. आणि या देशात कसायला जमीन आहे ती जेमतेम तीन टक्के.

सगळ्यात शेवटी ‘गाव सोडून गेलेले’ हे पान. पाद्र्याचा दाखला घेतल्याशिवाय जायचं नाही असा रिवाज, म्हणून ही यादी. नाव, वय, आणि कुठं, या रकान्यात ‘अमेरिका’. खालच्या ओळीत शब्द पुन्हा लिहिलेला नाही, नुसत्या दोन बारीक रेघा. त्याच्या खाली पुन्हा दोन रेघा. पान संपेपर्यंत रेघा. 1825 मध्ये ‘रेस्टोरेशन’ नावाच्या गलबतातून स्टाव्हांगरहून 52 माणसं निघाली, त्यांना पहिले म्हणतात; नंतरच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर लोक गेले. हा आकडा मी कितीदा वाचला होता, पण तो मला त्या रेघांनी दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्गनहून बोट धरली. साडेतीनेक तासांत वीक येतं. सोग्नचा फियोर्ड दोनशे किलोमीटरवर आत गेलेला, पाणी काळंशार, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे आणि कड्यांच्या बेचक्यांत, कुठं हातभर जागा मिळेल तिथं, एखादं हिरवं शेत. 1850 च्या दशकात ती याच पाण्यावरून बर्गनकडे गेली असेल, पेटी बरोबर घेऊन. तेव्हाची जहाजं बहुतेक क्वेबेकला जात. तिथून लाकूड भरून युरोपात यायचं, तर जाताना रिकाम्या पोटात माणसं भरायची. पुढं नदी, तळी आणि आगगाडी करत विस्कॉन्सिन, मग मिनेसोटा. सासूबाई सबंध वेळ डेकवर उभ्या होत्या. मी शाल दिली तर हातात धरून राहिल्या.

वीकच्या वाचनालयात ‘बिग्देबूक’ मिळालं. ही नॉर्वेची खास चीज: गावातल्या एकेका शेतवाडीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास, कोण मालक, कोण कूळ, कुणाला किती मुलं. आपल्याकडे घराण्याचा कुलवृत्तांत असतो, तसा इथं जमिनीचा. शेताचं नाव नावापुढं लागायचं; पण आपला वाईकर पुण्यात राहिला तरी वाईकरच, इथं मात्र त्या काळी शेत बदललं की नाव बदलायचं. आमचा लार्स शेताचा मालक नव्हता, हूसमान होता. मालकाच्या जमिनीच्या कोपऱ्यावर झोपडं, बदल्यात मालकाच्या शेतात राबणं. त्याच्या वाट्याला पुस्तकात साडेतीन ओळी आल्या होत्या. शेवटच्या अर्ध्या ओळीत: मुलगी अमेरिकेला.

त्या शेताचे आजचे मालक आम्हाला वर घेऊन गेले. झोपडं नाही. पायाचे दगड गवतात बुडालेले, एका कोपऱ्यात चुलीची जागा. सासूबाई खाली बसल्या आणि दगडावरचं शेवाळ हातानं बाजूला करत राहिल्या. लार्सचं थडगं शोधायला आम्ही गेलोच नाही, कारण नॉर्वेत थडग्याची जागा सहसा वीस वर्षांनी पुन्हा वापरात घेतात, घरच्यांनी पैसे भरून राखली नाही तर. हूसमानाची कोण राखणार?

तिचा बाप्तिस्मा मात्र जिथं झाला ते होप्परस्टाडचं चर्च उभं आहे. 1130 च्या सुमाराचं, सबंध लाकडाचं, उभ्या खांबांवर तोललेलं, एकावर एक उतरती छपरं. गावाला नवं चर्च झाल्यावर ते पाडायच्याच बेतात होते. पेटर ब्लिक्स नावाच्या वास्तुविशारदानं 1880 च्या दशकात डागडुजी करून वाचवलं. दारावर एकमेकांत गुंतलेले नाग कोरलेले. आत अंधार, डांबराचा दाट वास आणि उंच खांब. आमच्या मिनेसोटातच, मूरहेडला, याची हुबेहूब प्रतिकृती आहे. ती आम्ही पाहिली होती, फोटोही काढले होते. इथं फोटो काढायचं दोघींना सुचलं नाही. सासूबाईंनी त्या अंधारात तिचं पूर्ण नाव उच्चारलं, दात्तेरसकट.

परतताना बोटीवर त्या मला म्हणाल्या, ‘तुझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं?’

माझी आजी लग्न होऊन वाईला आली तेव्हा बारा वर्षांची होती. लग्नात नाव बदललं. आमच्या छापील कुलवृत्तांतात तिचं सासरचं नाव आहे, पुढं कंसात ‘माहेर कराड’. बस. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत आमच्या आठ पिढ्यांचे पुरुष आहेत. तिचं पहिलं नाव मला ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

तिथंच, डेकवरून, आत्याला फोन लावला. वाईत संध्याकाळ झाली होती. प्रश्न ऐकून आत्या बराच वेळ गप्प राहिली.

‘आठवत नाही गं,’ ती म्हणाली. ‘पण कराडहून आलेला पितळी डबा आहे ना माळ्यावर, आंदणातला, त्याच्यावर नाव घातलंय. लग्नाच्या आधीच टाकवलं होतं माझ्या आजोबांनी.’ मग मागं वळून कुणाला तरी हाक मारली. ‘शिडी आण रे. आणि चिंच पण, घासावा लागेल.’ आणि मला म्हणाली, ‘फोन ठेवू नकोस.’