रान उठवणारी माणसे

मराठीत 'शिकार' हा शब्द मारण्याच्या कृतीलाही लागतो आणि त्या कृतीत मेलेल्या जिवालाही. माणूस शिकार करतो, शिकार आणतो आणि वेळ फिरली की शिकार होतोही. इंग्रजीतल्या 'गेम' या शब्दाची जोडी वेगळी आहे. त्यात एकीकडे खेळ आहे आणि दुसरीकडे सावज. रिचर्ड कॉनेल या अमेरिकन लेखकाची १९२४ साली प्रसिद्ध झालेली 'द मोस्ट डेंजरस गेम' ही कथा या दुहेरी अर्थावरच उभी आहे. भाषांतराच्या तासाला मी हे शीर्षक विद्यार्थ्यांपुढे ठेवते, तेव्हा 'सर्वांत धोकादायक खेळ' आणि 'सर्वांत घातक सावज' अशी दोन उत्तरे येतात आणि दोन्ही अर्धी असतात. मात्र खेळ आणि मृगया यांचे नाते आपल्या परंपरेला अनोळखी नव्हते. मनुस्मृतीत राजाने टाळावयाच्या व्यसनांच्या यादीत मृगया आणि द्यूत ही शेजारी शेजारी बसली आहेत. महाभारतात पांडूला शाप मिळतो तो मृगयेत आणि त्याचा मुलगा राज्य घालवतो ते द्यूतात.

कॉनेलची कथा अनेकांच्या परिचयाची असेल. रेन्सफर्ड हा नामांकित शिकारी जहाजावरून समुद्रात पडतो आणि एका बेटावर पोहोचतो. तिथला मालक जनरल झारॉफ जनावरांच्या शिकारीला कंटाळलेला आहे. आता तो खोटे दिवे लावून जहाजे खडकांवर आदळवतो आणि वाचलेल्या खलाशांची शिकार करतो. आपल्या छंदाला तो खेळ म्हणतो, कारण त्याला नियम आहेत. सावजाला सुरी आणि शिधा मिळतो. तीन दिवस निभावले तर सुटका. खेळायचे नसेल तर त्याला इव्हान या राक्षसी नोकराच्या हवाली केले जाते.

या शेवटच्या नियमात सारे काही आहे. ज्याला नकार देता येतो तो खेळाडू. ज्याला देता येत नाही ते सावज. खेळ आणि शिकार यांच्यातली सीमारेषा रक्ताने ठरत नाही, नकाराच्या हक्काने ठरते. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ च्या नाटकातही हेच घडते. अभिरूप न्यायालयाचा खेळ गमतीने सुरू होतो. बेणारेबाईंना त्यातून उठून जाता येत नाही, त्या क्षणी त्या खेळाची शिकार झालेली असते. फ्रीडरिश ड्युरेनमाट या स्विस लेखकाच्या १९५६ च्या 'दी पाने' या कथेतही निवृत्त न्यायाधीश-वकील मंडळी वाटेत अडकलेल्या पाहुण्याशी असाच कोर्टाचा खेळ मांडतात आणि कथेच्या शेवटी तो पाहुणा गळफास घेतो.

इथवरचे विवेचन शिकारी आणि सावज या दोघांपुरते झाले. कथेत धोका या दोघांतच असतो असे आपण गृहीत धरतो. पण एका वर्षी कॉनेलची कथा वाचून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "मॅडम, या गोष्टीत जेवण आधी होतं आणि शिकार नंतर. आमच्या आजोबांच्या वेळी शिकार मिळाली तरच जेवण व्हायचं." त्याचे आजोबा फासे लावून तितर धरणारे, फासेपारधी. वर्गात थोडे हसू उमटले आणि लगेच विरले. कारण त्याने टीका केलेली नव्हती, निरीक्षण नोंदवले होते आणि ते अचूक होते. झारॉफच्या घरी उत्तम जेवण आणि मद्य होते, मग शिकारीची गोष्ट निघते.

त्या वाक्याच्या उजेडात कथा पुन्हा वाचली की तिच्यातली तिसरी माणसे दिसू लागतात. रेन्सफर्ड वाचतो तो कशाच्या बळावर? तो तीन सापळे रचतो. पहिला मलायातला, दुसरा ब्रह्मदेशात वाघासाठी खणतात तसा खड्डा, तिसरी युगांडात शिकलेली सुरीची युक्ती. म्हणजे ज्यांनी पोटासाठी किंवा जिवाच्या रक्षणासाठी रान वाचले, त्यांची विद्या त्याला तारते. कथेत त्या माणसांपैकी कुणीही नाही. उरली आहेत फक्त देशांची नावे.

हिंदुस्थानात मोठ्या शिकारीच्या वेळी हाकारे घालून, डबे-ढोल बडवून जनावर मचाणाकडे रेटणारी माणसे असत. 'रान उठवणे' हा वाक्प्रचार आज आपण सभा-मोर्चांसाठी वापरतो, पण तो आला आहे त्या कष्टांतून आणि त्या धोक्यातून. कारण वाघ मचाणावर चढत नाही; तो आधी हाकेकऱ्यांत घुसतो.

साकी या इंग्रज लेखकाने हे फार मिस्कीलपणे टिपले आहे. त्याच्या 'मिसेस पॅकलटाइड्स टायगर' या कथेत एका मडमेला केवळ दुसऱ्या मडमेवर कुरघोडी करण्यासाठी वाघ मारायचा असतो. हजार रुपयांचे बक्षीस लागते. आता गावाला चिंता एकच, म्हातारा वाघ मडमेच्या गोळीआधीच मरू नये. तो गावची हद्द सोडू नये म्हणून पोरे पहाऱ्यावर बसतात, त्याची झोप मोडू नये म्हणून शेतावरून परतणाऱ्या आया आपले गाणे हळू करतात. शेवटी गोळी लागते बांधलेल्या बकरीला आणि वाघ मरतो बंदुकीच्या आवाजाने हृदय बंद पडून. इथे विनोद मडमेवर आहे. पण गावाने रान उठवण्याऐवजी रान निजवून ठेवले आहे, ही उलटापालट मला अधिक बोचरी वाटते. स्वतः साकी १९१६ साली पहिल्या महायुद्धात, दबा धरून बसलेल्या जर्मन नेमबाजाच्या गोळीने मेला.

हेमिंग्वेच्या १९३६ च्या 'द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोम्बर' या कथेत हा प्रश्न उघड विचारला जातो. जखमी सिंह झुडपात दडला आहे. घाबरलेला मॅकोम्बर सुचवतो, हाकेकऱ्यांना आत पाठवू या. व्यावसायिक शिकारी विल्सन त्याला शांतपणे सांगतो की पाठवता येईल, पण तो जवळजवळ खूनच ठरेल. कारण जखमी सिंह हाकाऱ्याने बाहेर पडणार नाही, अंगावर येईल. मॅकोम्बरचे भित्रेपण या कथेच्या प्रत्येक चर्चेत येते. पण आपल्या भीतीची किंमत दुसऱ्याच्या जिवाने चुकवण्याची त्याची सहज तयारी हा त्याहून गंभीर दोष आहे. हेमिंग्वे हे जाणतो. परतल्यावर स्वयंपाकी आणि हमाल मॅकोम्बरला खांद्यावर घेऊन मिरवतात, तेव्हा बंदुका वाहणारे त्या मिरवणुकीत सामील होत नाहीत, एवढेच तो नोंदवतो. त्यांनी सारे पाहिलेले असते.

आमच्याकडे या गोष्टीला कायद्याचीही बाजू आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९११ मध्ये त्या कायद्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली आणि पारध्यांवरही तो शिक्का बसला. १९५२ साली तो कागदावरून पुसला गेला; लोकांच्या नजरेतून पुसला गेला असे म्हणवत नाही. त्याच काळात साहेबाची शिकार मर्दानी खेळ म्हणून गौरवली जात होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली हे योग्यच झाले. पण बंदी आली तेव्हा एकाच्या हाती भिंतीवरची मुंडकी होती आणि दुसऱ्याच्या हाती रिकामा फासा.

शिकारकथा वाचताना वाचक मचाणावर बसलेला असतो. तो सुरक्षित असतो आणि जनावर केव्हा टप्प्यात येते याची त्याला उत्सुकता असते. या आनंदात गैर काही नाही. त्यावाचून कथा चालणार नाही. परंतु चांगल्या शिकारकथेत खालून येणारा हाकाऱ्यांचा आवाजही ऐकू येतो. साकी तो हसवत ऐकवतो, हेमिंग्वे एका वाक्यात. कॉनेल ऐकवत नाही. त्याचा नायक शेवटी झारॉफच्याच पलंगावर गाढ झोपतो आणि जागा झाल्यावर तो कोण असेल, हे कथा सांगत नाही. ही कथा शिकवताना मी आता रेन्सफर्डच्या व्यक्तिचित्रणाबरोबर आणखी एक प्रश्न फळ्यावर लिहिते: त्याला ती सुरीची युक्ती युगांडात कोणी शिकवली असेल? उत्तर पुस्तकात नाही. ते विद्यार्थ्यांनी लिहायचे असते आणि त्यांतली काही उत्तरे मूळ कथेपेक्षा चांगल्या कथा असतात.