वग संपेपर्यंत बसा

चैत्राच्या सुमारास गावोगावचे पंच जत्रेच्या तमाशाची सुपारी द्यायला नारायणगावला जातात. तिथं फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. तारीख ठरते, बिदागी ठरते आणि एक बोली हमखास होते, "गाणी भरपूर झाली पाहिजेत." वग कोणता करणार, असं विचारणारा पंच आता क्वचितच भेटतो.

मी तळेगाव ढमढेऱ्याचा. वेळ नदीकाठचं आमचं गाव, शेतीवाडीवर जगणारं. मागे एकदा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला विचारलं, "रात्री वग कशाचा होता रे?" तर म्हणाला, "वग म्हणजे काय? गाणी संपली तसे आम्ही उठलो." त्याचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे चार शब्द.

नाटक म्हटलं की आपल्याला वाटतं, ते पुण्या-मुंबईच्या लोकांचं काम. नांदी, सूत्रधार, नेपथ्य असले शब्द ऐकले की आपण बिचकतो. पण यातली बहुतेक आपल्या तमाशात वेगळ्या नावानं नांदतात. जरा जोडून बघा.

संगीत नाटकाच्या आरंभी देवाची स्तुती होते, ती नांदी. तमाशात ढोलकी-हलगी कडाडते आणि मग गणपतीला बोलावणं होतं, तो गण. नाटकाची सूत्रं हाती धरणारा तो सूत्रधार. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, त्यात सूत्रधार पदं गाऊन कथा सांगायचा आणि विदूषक लोकांना हसवायचा. आपल्याकडे शाहीर नि सोंगाड्या दुसरं काय करतात?

गणानंतर गवळण. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, कृष्ण नि पेंद्या वाट अडवतात, मावशी भांडायला पुढं होते. एकाला जायचंय, दुसरा जाऊ देत नाही. यालाच नाटकवाले संघर्ष म्हणतात. बांधावरून दोन भाऊ हमरीतुमरीवर आले की सगळी आळी जमते ना? ओढ तीच. संघर्ष नसेल तर नाटक उभंच राहत नाही.

पुढं बतावणी येते. ती सगळी संवादाची कसरत. एकानं टाकलेला शब्द दुसऱ्यानं खाली पडू द्यायचा नाही.

आणि शेवटी वग. हेच खरं नाटक. त्यात कथानक आहे, राजा-प्रधान आहेत, खलनायक आहे, गोष्टीला शेवट आहे. नाटकाच्या लिखित मजकुराला संहिता म्हणतात. जुन्या वगाला ती बहुधा नसायची. गोष्ट ठरलेली असे, बोलणं उभ्या उभ्या सुचे. नेपथ्य म्हणजे मंचावरचा देखावा, वाडा, रान, दरबार. तमाशात त्याचंही अडत नाही. पात्रानं मंचावर एक फेरी मारली की ते दिल्लीला पोचलं! यात हसण्यासारखं काही नाही. जुन्या संस्कृत नाटकांतही पात्र असंच फिरून जागा बदलतं. उरलेला वाडा नि रान बघणाऱ्यानं आपल्या मनात उभं करायचं.

पठ्ठे बापूरावांची (१८६६-१९४५) लावणी सगळ्यांना ठाऊक, पण 'मिठाराणी'चा वगही त्यांचाच. मावळातल्या इंदोरीचे दादू इंदुरीकर 'गाढवाचं लग्न' या वगात सावळ्या कुंभार करायचे. त्या एका सोंगानं त्यांचं नाव घरोघर गेलं. असा नट वगात तयार होतो. दोन गाण्यांच्या मधल्या पाच मिनिटांत तो घडत नाही.

आज नेमकी वगालाच कात्री लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, सवलतीचे मोजके दिवस सोडले, तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. वेळ कमी, त्यात लोकांना सिनेमाची गाणी हवीत. वग शेवटी असतो, म्हणून तोच आखडतो. आणि वग बघणारं कुणी नसेल, तर राजा, प्रधान, सोंगाड्या करणारी माणसं फडमालकानं कशाला पोसावीत? ती घरी बसली की त्यांच्याबरोबर त्यांचं पाठांतर आणि हजरजबाबही जातो. गाणं मोबाइलवरही ऐकता येतं. फडातला वग एकदा मोडला की पुन्हा बांधायला माणसं मिळायची नाहीत.

तेव्हा पंचमंडळींनो, सुपारी देताना आधी वगाचं नाव विचारा. तासाभराचा तरी वग होईल, अशी बोली करा आणि खेळ वेळेवर सुरू करा. आयाबायांनीही पोरांना घेऊन पुढं बसावं नि गण कोणता, गवळण कोणती, ते त्यांना दाखवावं. वग संपेपर्यंत कुणी उठू नका. घरी जाताना पोरांना एवढंच विचारा, "कुणाचं काम आवडलं आणि का?" त्या 'का'चं उत्तर शोधता शोधता पोरं नाटक बघायला शिकतील.