पात्याला पाणी देताना

मैत्रिणींनो, भरतकाम, विणकाम, केकवरचं आइसिंग हे छंद आपल्या ओळखीचे. माझा छंद ऐकलात तर मात्र भुवया उंचावतील. गेली दोन वर्षं मी लोखंड तापवून सुऱ्या घडवायला शिकते आहे! आठवड्यातून एकदा, सकाळची शाळा सुटली की डोळ्यांना चष्मा लावून आणि सुती साडीचा पदर घट्ट खोचून मी लोहारमामांच्या भट्टीपाशी हजर.

"हे का बायकांचं काम?" सासूबाईंनी विचारलं, शाळेतल्या मैत्रिणींनीही विचारलं. रस्त्याकडेला पाल ठोकून राहणारं घिसाडी कुटुंब पाहिलंय ना तुम्ही? नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि घण घालते ती त्याची बायको! तिला हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझी हौस आहे, तिचं पोट आहे. भट्टीपाशी उभी राहू लागल्यापासून तिच्याकडून विळा घेताना घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही.

सुरीसाठी आम्ही ट्रकच्या जुन्या स्प्रिंगचा पाटा घेतो. तो नारिंगी होईतो तापवायचा, हातोड्याने ठोकायचा आणि लाली उतरू लागली की पुन्हा भट्टीत. "बाई, थंड लोखंडाला मारू नका, तडा जाईल," हे मामांचं पालुपद!

आकार आला, कानस मारून झाली, की खरी परीक्षा : पाणी देणं. ७७० अंश सेल्सिअसच्या सुमाराला लोखंडाला चुंबक चिकटेनासा होतो. तसं झालं की पातं आणखी जरासं तापवून कोमट तेलात बुडवायचं. म्हणायचं पाणी, पण या पोलादाला तेलच मानवतं. पाण्यात ते एकदम गार होऊन तडकू शकतं.

आता पातं कमालीचं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. हातातून पडलं तर मोडायचं! म्हणून मी ते घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवते. वाळल्या पेंढ्यासारखा फिकट पिवळा रंग चढतो, कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. नुसत्या कडकपणावर संसार चालत नाही, तशी सुरीही चालत नाही!

यातून दोन गोष्टी तुम्हालाही उपयोगी पडतील. सुरी कधीही गॅसवर लाल करू नका. पात्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. आणि साध्या पोलादाच्या सुरीने लिंबू-कैरी चिरली की ती लगेच धुऊन, कोरडी पुसून तेलाचं बोट फिरवा. गंज चढणार नाही.

परवा सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या विळीचं पातं अगदी झिजलंय गं. जमेल का तुला?"

येत्या शनिवारी तोच पाटा भट्टीत घालणार आहे.