पुसलेलं आणि गेलेलं

डेटा गेला म्हणून माझ्याकडे येणारी माणसं दोन प्रकारची. एकाची हार्ड डिस्क पडलेली किंवा आवाज करत बंद पडलेली, तर दुसऱ्याने स्वतःच्या हाताने काहीतरी उडवलेलं. पहिला रडवेला असतो, दुसरा ओशाळलेला. मी पुण्यात हे काम सुरू केलं तेव्हा ओशाळलेल्यांचं काम बहुधा व्हायचं आणि रडवेल्यांचं अवघड असायचं. आता उडवलेलं परत मिळवणंच जास्त अवघड झालंय. माझी हत्यारं सुधारली, पण त्याच काळात डेटा ठेवायची जागा बदलली.

रॅमचा विषय आधी उरकतो. ‘लाइट गेली, फाइल सेव्ह केली नव्हती, मिळेल का?’ असा फोन अजूनही येतो. प्रोग्रॅमने मध्येच आपणहून डिस्कवर प्रत टाकून ठेवली असेल तर मिळते, नाहीतर नाही. रॅममधला एकेक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि त्याच्या जोडीला एक इवलासा कपॅसिटर. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट १९६८ सालचं. तो कपॅसिटर गळका असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक खाना वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज थांबली की भरणं थांबतं. चिप थंडगार केली तर डेटा काही मिनिटं तग धरतो, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. पण तो मार्ग पासवर्ड चोरणाऱ्यांच्या कामाचा, ऑफिसचा हिशेब वाचवणाऱ्यांच्या नाही. पूर्वीची मेमरी याबाबतीत बरी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकात फेराइटच्या बारीक कड्यांची मेमरी होती: ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे जेमतेम दहा किलोबाइट. वीज गेली तरी कड्यांचं चुंबकत्व टिकायचं. खोड एवढीच, की कडी वाचली की पुसली जायची आणि लगेच पुन्हा लिहावी लागायची.

आता हार्ड डिस्क. झाकण उघडलं की आरशासारख्या लख्ख तबकड्या दिसतात. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांच्या वेगाने त्या फिरतात, आणि त्या फिरण्याने तयार झालेल्या हवेच्या थरावर हेड तरंगतं, तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही त्या फटीच्या शेकडो पट मोठा. म्हणून घरी स्क्रू-ड्रायव्हर लावून ‘जरा आत बघितलं’ असं कुणी म्हणालं की मी मनातल्या मनात बिल वाढवतो.

‘टक-टक-टक’ असा जो आवाज येतो, त्याची गोष्ट अशी. डिस्क सुरू झाली की हेड तबकडीवर कारखान्यात लिहिलेल्या खुणा शोधतं. हेड बिघडलेलं असेल तर खुणा दिसत नाहीत. मग हात शेवटपर्यंत जाऊन आपटतो, परत येतो, पुन्हा शोधतो. लोक अशा वेळी डिस्क चार-चारदा लावून बघतात, कुणी तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवतात. प्रत्येक खेपेला मोडकं हेड तबकडी खरवडू शकतं. अशी डिस्क उघडली की आतल्या पांढऱ्या फिल्टरवर करडी भुकटी साचलेली असते. ती भुकटी म्हणजेच तुमचा डेटा. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये तबकडी बहुधा काचेची असते. लेप पार निघाला की त्या कड्यातून आरपार दिसतं. तेवढ्या भागापुढे जगातली कुठलीच लॅब काही करू शकत नाही.

एवढी वेळ आली नसेल तर हेड बदलता येतं. त्यासाठी त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच सुमारास बनलेली दुसरी डिस्क लागते. तिला आम्ही ‘डोनर’ म्हणतो. तपकीर गल्ली, लॅमिंग्टन रोड, जुन्या मालाचे व्यापारी, जिथे मिळेल तिथून ती आणायची. नुसतं खालचं सर्किट बोर्ड बदलून डिस्क चालू होते, हा समज मात्र जुना झाला. प्रत्येक डिस्कच्या हेडचा स्वभाव कारखान्यात मोजून बोर्डावरच्या छोट्या रॉम चिपमध्ये नोंदवलेला असतो. नवं बोर्ड लावलं तर ती चिप जुन्यावरून काढून नव्यावर बसवावी लागते.

उडवलेल्या फाइलचं प्रकरण हार्ड डिस्कवर अगदीच सरळ. सातबाऱ्यावरून नाव कमी केलं तरी जमीन जागची हलत नाही, तसंच. कॅमेऱ्याच्या कार्डावर आणि जुन्या पेन ड्राइव्हवर जी फॅट पद्धत असते, तीत फाइल उडवली की नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक खूण पडते आणि फाइलचे खाने मोकळे म्हणून नोंदले जातात. मजकूर तसाच, जोवर त्यावर नवं काही लिहिलं जात नाही तोवर. नोंदच गेली तरी जेपेग फोटोची सुरुवात ठरलेल्या बाइटांनी होते, ती हुडकत सबंध डिस्क चाळता येते. अख्ख्या लग्नाचं शूटिंग फॉरमॅट झालेल्या कार्डातून काढून दिलंय मी, कारण फोटोग्राफरने त्यानंतर एकही फोटो काढला नव्हता.

आणि मग एसएसडी आली. इथे फिरणारं काही नाही, आवाज नाही, पूर्वसूचना बहुधा नाही. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलेल्या फ्लॅश मेमरीत इलेक्ट्रॉन एका बंदिस्त थरात अडकवून ठेवतात. थरात किती इलेक्ट्रॉन आहेत यावरून बिट ठरतो. आजच्या स्वस्त चिपमध्ये एकाच खान्यात आठ, कधी सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात, म्हणजे तीन किंवा चार बिट. शिवाय लिहिलेल्यावर थेट लिहिता येत नाही. आधी शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. तो वेळ वाचावा म्हणून फाइल उडवताच ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीला कळवते की ही पानं आता नकोत. या आज्ञेचं नाव ट्रिम. विंडोजमध्ये ती २००९ च्या विंडोज ७ पासून आली. त्यानंतर ड्राइव्हमधला कंट्रोलर सवडीने ते ब्लॉक साफ करत बसतो, आणि त्याआधीही ती जागा वाचायला गेलं तर बहुतेक ड्राइव्ह नुसते शून्य दाखवतात. मी लॅपटॉप हातात घेऊन रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालू करेपर्यंत वीजपुरवठ्यावर तो आपलं काम करतच असतो. फोनचं तर याहून कठीण: डेटा कूटबद्ध, किल्ली प्रोसेसरपाशी. मेमरीची चिप उपटून वाचली तरी हाती नुसता कचरा.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. अडकवलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात, उष्णतेत जास्त. ग्राहकोपयोगी एसएसडीचं मानक एवढंच मागतं, की लिहिण्याची नेमून दिलेली मर्यादा संपल्यावर, वीज न देता, ३० अंशांना डेटा एक वर्ष टिकावा. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते हे खरं. पण घासून वापरलेली एसएसडी नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात टाकून मुलीच्या बारशाचे फोटो ‘सेफ’ आहेत असं समजू नये. तिथे मी अजून फिरणारी हार्ड डिस्कच सुचवतो, तीही दोन, दोन वेगळ्या घरांत.

हीच एसएसडी पुसायची वेळ येते तेव्हा मात्र मला आवडते. जुना कॉम्प्युटर विकताना एक टेराबाइटची हार्ड डिस्क पूर्ण शून्याने भरायला, सेकंदाला १५० मेगाबाइटचा वेग धरला तरी, दोन तास जातात. तेवढा धीर कुणाला नसतो. म्हणूनच सेकंडहँड डिस्कांमध्ये लोकांच्या बँक स्टेटमेंटपासून आधार कार्डाच्या स्कॅनपर्यंत काय काय सापडतं. एसएसडीला तिचीच ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा दिली की बहुधा मिनिटाभरात काम होतं. डिस्क चालूच होत नसेल तर ड्रिल घ्यावं आणि तबकड्यांतून आरपार तीन-चार भोकं पाडावीत. काचेच्या असतील तर डोळ्यांना चष्मा हवा.